‘नुसती वाफ आहे, सिस्टर!’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारच्या वेळी वस्तीतल्या एक मावशी पदराच्या गाठीत काहीतरी बांधून आमच्याकडे आल्या. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. थोरला मुलगा बारावी झाला, आता पोलीस भरतीची तयारी करतो. त्यांनी गाठ सोडली तर आत बोटाएवढी, निळ्या-गुलाबी रंगाची, गुळगुळीत वस्तू.

“सिस्टर, पोराच्या पँटीच्या खिशात सापडलं. धुवायला भिजवणार होते. मी म्हटलं, काय रे हे? तर म्हणतो, पेन ड्राईव्ह आहे आई. पण पेन ड्राईव्हला आंब्याचा वास येतो का?”

आम्ही वास घेतला. पिकलेल्या आंब्यासारखा गोड वास. खाली मोबाईलच्या चार्जरची पिन बसेल असं भोक, वर तोंडात धरायची चपटी नळी. ती ई-सिगारेट होती. मुलं तिला वेप म्हणतात, कुठे कुठे पेन-हुक्का म्हणतात.

आम्ही तसं सांगितलं, तर मावशींनी एकच विचारलं, “म्हणजे गुटखा नाही ना? बिडी-सिगारेट नाही ना?” आम्ही काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “मग झालं!” आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्या ‘मग झालं’साठी हा लेख लिहितो आहोत.

मुलं काय म्हणतात

संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत जाऊन बसलो. सात-आठ मुलं होती, दोन मुली होत्या. नावं विचारणार नाही, कुणाच्या घरी सांगणार नाही, असं आधीच कबूल केलं. मग मुलं मोकळी झाली.

एक म्हणाला, “नुसती वाफ आहे, सिस्टर. पाण्याची.” दुसरा म्हणाला, “ह्यात तंबाखू नसतो, फक्त फ्लेवर असतो.” तिसऱ्याचं म्हणणं, “रात्री वाचताना दोन झुरके मारले की लक्ष लागतं.” एकाने मोबाईल पुढे केला, “इंग्लंडमध्ये डॉक्टरच देतात, हे बघा.” आणि एक मुलगी हळूच म्हणाली, “मुलीने सिगारेट ओढली तर सगळी गल्ली नावं ठेवते. हे हातात असलं तर कुणाला कळतसुद्धा नाही.”

मावशींच्या पोराची ती वस्तू एकट्याची नव्हती. चौघांनी मिळून कॉन्ट्री काढून घेतलेली आणि आळीपाळीने वापरायची.

या मुलांपैकी एकही टवाळखोर नाही. रात्री अकरापर्यंत बसून अभ्यास करणारी ही मुलं. तंबाखू वाईट, गुटखा वाईट, हे त्यांना पाठ आहे. आजोबाला, काकाला तोंडाच्या कॅन्सरने नेलेलं त्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच त्यांना वाटतं की आपण त्या वाटेला गेलो नाही, आपण काहीतरी स्वच्छ, नव्या जमान्याचं घेतलं. खरा धोका याच समजुतीत आहे.

आत काय असतं

या वस्तूत तीन गोष्टी असतात. एक बॅटरी, एक तापणारी तार आणि एक पातळ द्रव. झुरका ओढला की तार तापते, द्रवाचे अगदी बारीक थेंब हवेत मिसळतात आणि ते छातीत जातात. पाणी उकळल्यावर निघते ती वाफ ही नव्हे. द्रवात पाणी असलंच तर थोडं. मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन रसायनं, स्वाद आणि वासासाठी आणखी रसायनं, आणि बहुतेक वेळा निकोटीन.

द्रव तापला की त्यातून फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलीन यांसारखे घातक पदार्थ तयार होतात. तारेमधून निकेल, शिसं अशा धातूंचे कणही येतात. सिगारेटच्या धुरात हजारो रसायनं असतात, त्या मानाने यात विषारी पदार्थ कमी असतात, हे खरं आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. पण कमी विष म्हणजे विष नाही असं होत नाही. ज्या मुलाने कधी काही ओढलंच नाही, त्याच्या फुप्फुसात आजवर यातलं काहीच जात नव्हतं.

स्वादाचंही तसंच. आंब्याचा, पुदिन्याचा जो अर्क गोळीत, सरबतात चालतो, तो पोटात जाण्यासाठी तपासलेला असतो. तापवून छातीत ओढण्यासाठी तो कुणी तपासलेला नसतो.

ही वस्तू मुळात कुणासाठी निघाली तेही माहीत असू द्या. चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या पद्धतीची ई-सिगारेट तयार केली. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत असत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते. सिगारेट सुटत नाही अशा मोठ्या माणसाला दुसरा उपाय मिळावा, हा त्यांचा हेतू होता. ज्याने आयुष्यात काडी पेटवली नाही अशा सोळा वर्षांच्या पोरासाठी ती काढलेली नव्हती.

नाव वेगळं, गाठ तीच

विदर्भात खर्रा आहे, खेडोपाडी मिसरी आहे, कुठे मळलेला तंबाखू, कुठे गुटखा, कुठे बिडी. या सगळ्यांना माणूस ज्याने बांधला जातो ते एकच, निकोटीन. ‘ह्यात तंबाखू नसतो’ हे म्हणणं अर्धंच खरं. तंबाखूचं पान नसतं, पण पानातलं निकोटीन काढून द्रवात घातलेलं असतं. पाकिटावर ‘निकोटीन नाही’ लिहिलं असलं तरी भरवसा धरू नका. परदेशांत अशा शिक्क्याच्या वेप तपासल्यावर त्यांत निकोटीन सापडलेलं आहे.

निकोटीन ओढल्यावर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात निकोटीन मिळालं की त्याची सवय लवकर आणि घट्ट लागते. लक्ष देणं, शिकणं, मन शांत ठेवणं, रागावर ताबा ठेवणं, या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

आता ‘लक्ष लागतं’ या म्हणण्याचं काय? मुलाचा अनुभव खोटा नाही. पण तो नीट समजून घ्यायला हवा. सवय लागल्यावर तास-दोन तास निकोटीन मिळालं नाही की अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, पुस्तकात मन लागत नाही. झुरका घेतला की ते थांबतं आणि मुलाला वाटतं, लक्ष लागलं. मुळात लक्ष उडालं ते निकोटीनमुळे. आमची आजी म्हणायची, मिसरी लावल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. आजीचं आणि या मुलाचं दुखणं एकच आहे.

आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनो, मैदानावर तुम्हाला १६०० मीटर धावायचं आहे. निकोटीन नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. ही रसायनं श्वासनलिकेला त्रास देतात, खोकला येतो, दमा असेल तर तो उसळतो. एकेका सेकंदासाठी पहाटे उठून घाम गाळायचा आणि रात्री छातीत हे ओढायचं, याचा हिशोब तुम्हीच करा.

अमेरिकेतल्या मुलांचं काय झालं

‘पेन ड्राईव्ह आहे आई’ हे वाक्य आपल्या वस्तीत पहिल्यांदा बोललं गेलं असं समजू नका. २०१५ साली अमेरिकेत जूल नावाची वेप बाजारात आली. ती हुबेहूब पेन ड्राईव्हसारखी दिसे, लॅपटॉपला लावून चार्ज होई. आंबा, पुदिना असे स्वाद. शिक्षकांच्या समोर बाकावर पडलेली असली तरी ओळखू येत नसे. तिच्या एका कुपीत वीस सिगारेटच्या पाकिटाएवढं निकोटीन असतं, असं कंपनीचंच म्हणणं होतं. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जूल ओढणाऱ्या १५ ते २४ वर्षांच्या मुलामुलींपैकी ६३ टक्क्यांना तिच्यात नेहमीच निकोटीन असतं हे ठाऊक नव्हतं. त्यांनाही वाटत होतं, नुसता फ्लेवर आहे.

पाहता पाहता २०१९ मध्ये तिथल्या नववी ते बारावीच्या शंभरातली सत्तावीस मुलं वेप ओढत होती. त्याच्या आदल्या वर्षीच, डिसेंबर २०१८ मध्ये, तिथल्या सर्जन जनरलनी ही मुलांमधली साथ असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे विक्रीचं वय २१ झालं, कुपीतल्या फळांच्या स्वादांवर बंधनं आली. मुलांना भुलवून माल विकल्याच्या चौकशीत जूल कंपनीने २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड केली. २०२४ पर्यंत शंभरातल्या सत्तावीसचा आकडा आठच्या आसपास उतरला. साथ उतरवता येते, पण मधल्या काळात ज्यांना सवय लागली ती मुलं पैसेवाल्या देशातली असूनही अडकली.

आमची चूक

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी याच अभ्यासिकेत आम्ही वेपवर बोललो होतो. तेव्हा अमेरिकेत वेपमुळे माणसं मेल्याच्या बातम्या ताज्या होत्या. आम्ही मुलांना सांगितलं, वेप ओढली की फुप्फुस जळतं आणि माणूस मरतो. आवाज चढवून सांगितलं. मुलं घाबरतील असं वाटलं.

एका मुलाने तिथेच मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, “सिस्टर, ते गांजाच्या तेलामुळे होतं.” पोरगा बरोबर होता. २०१९ च्या त्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण दगावले. पण त्यांतल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेला द्रव ओढला होता आणि त्यात मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं तेल मुख्य कारण ठरलं. आम्ही बातमीचा मथळा वाचून बोलत होतो. पोराने आतली बातमी वाचली.

त्या दिवसानंतर आम्ही निकोटीनबद्दल जे खरं सांगितलं तेही मुलांनी ऐकलं नाही. सहा महिने वेप ओढणारा मित्र त्यांना समोर धडधाकट दिसत होता. मग आमचं कोण ऐकणार? वॉर्डात असताना आम्ही पेशंटशी खोटं बोललो नाही, आणि वस्तीतल्या मुलांशी मात्र भीती घालण्यासाठी वाढवून बोललो. त्याची किंमत मोजली.

त्या साथीतून घेण्यासारखा खरा धडा वेगळा आहे. चोरट्या मालात काय मिसळलंय ते ओढणाऱ्याला कधीच कळत नाही.

‘इंग्लंडमध्ये डॉक्टरच देतात’

हेही अर्धंच खरं. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना सांगते की सिगारेट सुटत नसेल तर वेपकडे वळा, कारण सिगारेट जास्त घातक आहे. त्याच श्वासात ती हेही सांगते की जे ओढत नाहीत त्यांनी आणि लहान मुलांनी वेपला हात लावू नये. अठरा वर्षांखालच्यांना विकायला तिथे बंदी आहे. द्रवात निकोटीन किती असावं याची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या जूलमध्ये त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होतं. आणि वापरून फेकायच्या रंगीत वेप, ज्या मुलांच्या हातात दिसू लागल्या, त्या ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंद केल्या.

म्हणजे तिथे ते सिगारेटवाल्याचं औषध आहे, तेही मोजूनमापून. आपल्या टपरीवर मागच्या दाराने मिळणाऱ्या वस्तूत किती आणि काय आहे हे कुणी मोजलेलं नाही.

कायदा कुणासाठी

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, पोचवणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फौजदार आणि त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला झडती घेण्याचा अधिकार आहे.

‘बंदी आहे तर मिळतं कसं?’ हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तो कसा मिळतो हे आपण सगळे जाणतो. म्हणून आमचं सांगणं असं, की कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, तो तिकडेच राहू द्या. चार-पाच घरांनी मिळून लेखी तक्रार द्या, टपरी कुठली, वेळ कोणती ते लिहा आणि पोच घ्या. पोराला मात्र चौकीची भीती घालू नका. तो तुमच्याशी बोलायचाच बंद होईल.

मित्रासाठी दोन नग आणून देणाऱ्या मुलांना एक इशारा. पैसे घेऊन दुसऱ्याला दिलं की तुम्ही विकणाऱ्यांत जमा होता. भरतीच्या वेळी अंगावर गुन्हा असला तर काय होतं, ते आम्ही सांगायला नको.

घरात काय करायचं

आधी आपल्या घराकडे बघू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली साधारण चारातली एक प्रौढ व्यक्ती चघळायचा किंवा दाताला लावायचा तंबाखू वापरत होती. २०१९ च्या शाळांमधल्या पाहणीत देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शंभर मुलांपैकी आठ-नऊ जण कुठला ना कुठला तंबाखू वापरत होते, आणि ई-सिगारेट एकदा तरी ओढलेली शंभरात तीनही नव्हती. म्हणजे वेप नवी आली म्हणून खर्रा-मिसरीकडे कानाडोळा करून चालणार नाही. एकाच घरात दोन्ही नांदू शकतात.

ओळखायचं कसं? खोलीत किंवा कपड्यांना फळांचा, पुदिन्याचा वास. हायलायटर, पेन ड्राईव्हसारखी वस्तू, जी कधी अभ्यासाला वापरली जात नाही. सारखा कोरडा घसा, खोकला. दर थोड्या वेळाने बाहेर किंवा संडासात जाणं. कारण नसता चिडचिड. यातल्या एका खुणेवरून आरोप करू नका. विचारा.

विचारताना मारझोड नको, चारचौघांत नको. ‘कधीपासून? कशासाठी? सोडावंसं वाटतं का?’ एवढंच विचारा आणि ऐका. पोराने खरं सांगितलं तर त्या खऱ्याची शिक्षा देऊ नका.

सोडायचं ठरलं तर एक दिवस नक्की करा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. डोकं दुखतं, राग येतो, झोप नीट लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हे बहुतेक ओसरतं. त्या दिवसांत घरच्यांनी सांभाळून घ्यावं. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ टाळा, लांब श्वास घ्या, पाणी प्या, जागेवरून उठून दुसरं काम करा, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर १८००-११-२३५६ आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. निकोटीनची च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच घ्या, अठराच्या आतल्या मुलांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. गरोदर बाईने यातलं काहीच ओढू नये. निकोटीन बाळाच्या मेंदूला आणि फुप्फुसाला बाधतं.

घरात तान्हं, रांगतं मूल असेल तर आणखी जपा. तो गोड वासाचा द्रव पोटात गेला तर उलट्या होतात, झटके येऊ शकतात. घरचे उपाय न करता बाळाला लगेच दवाखान्यात न्या आणि ती वस्तू सोबत घ्या. जुनी वेप चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, आतली बॅटरी फुटते.

मावशींच्या घरी

मावशींना आम्ही हे सगळं बसवून सांगितलं. रात्री त्यांनी पोराला जवळ घेऊन विचारलं. तो आधी उखडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, “आई, मी हे सोडतो, पण तू मिसरी सोड.”

मावशींना त्याचा राग आला. पंचवीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन तक्रारही केली, “मलाच शिकवतो.” आम्ही म्हटलं, “मावशी, बरोबर शिकवतो.”

पोराने पहिल्यांदा सोडली ती नऊ दिवस. मित्रांसोबत बसला आणि पुन्हा ओढली. दुसऱ्यांदा सोडली त्याला आता दोन महिने होत आले. मावशींची मिसरी दिवसातून चार वेळा होती, ती सकाळच्या एकीवर आली आहे. ती एक सुटत नाही म्हणून त्या रडकुंडीला येतात आणि मग तोच पोरगा त्यांना लवंग काढून देतो.

परवा तो पहाटे मैदानावरून येताना भेटला. आम्ही विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, “दम पुरतो आता, सिस्टर. आईचं तेवढं बघा.”